पायथ्याला उशी

वाचकहो, पुढील पानांत एका अशा पहारेकऱ्याची हकिकत सांगण्यात येणार आहे, ज्याला पापणी नव्हती आणि म्हणून झोपही नव्हती. त्याचबरोबर एका पत्नीची हकिकतही येईल, जिने पतीच्या जिवासाठी तिला जे योग्य वाटले तेच केले. दोघांपैकी कोणाच्याही मनात खोट नव्हती, हे आरंभीच नमूद करणे मला माझे कर्तव्य वाटते. जे घडले ते मी क्रमाने मांडतो.

सुंदराबाईने नवऱ्याच्या मानेखाली एक हात घातला, दुसऱ्या हाताने उशी हळूच ओढून काढली आणि ती पलंगाच्या पायथ्याला नेऊन ठेवली.

सुकलाल जागा झाला नाही. दुखणे सुसह्य व्हावे म्हणून दिलेल्या गोळीचा अंमल त्याच्यावर अद्याप होता. त्याच्या पांढऱ्या दाढीचे खुंट भर दुपारच्या उजेडात चमकत होते, आणि घशातून एक संथ घरघर येत होती.

पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मंगलाबाई पदर खोचून उभी होती. सुरतेच्या नवागामात सुंदराबाईच्या भिंतीला भिंत लावून राहणारी ही विधवा गल्लीतल्या प्रत्येक आजारपणाला हजर असे, आणि आजारपणानंतर जे येते त्यालाही.

"चादरले धर," ती हलक्या आवाजात, आपल्या खानदेशी बोलीत म्हणाली. "त्यास्ना पायले हात लाऊ नको. चादर फिरनी का माणूस फिरी."

"सिस्टर उनी मंग?"

"ती चहा पेवाले गई. आन् उनी तरी काय? पलंग हालाडू नका, आसं सांगं तिनी. माणूसले फिरावू नका, आसं तर नही सांगं."

सुंदराबाईने चादरीचे टोक मुठीत घेतले, परंतु ओढण्यापूर्वी तिने वर पाहिले. समोरच्या भिंतीवर, छताला लागून, नारळाच्या करवंटीएवढा एक पांढरा गोळा बसवलेला होता. त्यात एक काळी काच होती आणि काचेखाली एक लहानसा दिवा. दिवा हिरवा होता. ती काच सुकलालच्या पलंगाकडे पाहत होती, जशी ती दिवसरात्र पाहत असे.

सुंदराबाईने त्या गोळ्याचे नाव जागल्या ठेवले होते.

सुकलाल घरच्या मोरीत घसरून पडला आणि त्याचे खुब्याचे हाड मोडले, तेव्हा त्याला ट्रस्टच्या या दवाखान्यात आणले. हाडात सळई घालण्यात आली. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सौम्य स्वभावाचे होते, तरीसुद्धा त्यांनी मुलाला, गोपालला, जे सांगितले ते सौम्य नव्हते. हे हाड पुन्हा पडणे सोसणार नाही. आणखी एकदा पडले तर हे गृहस्थ अंथरुणातून उठणार नाहीत. त्या दिवसापासून सुंदराबाईच्या कानात एवढे एकच वाक्य राहिले होते.

आणि सुकलाल हा उठणारा माणूस होता. उभे आयुष्य त्याने लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, काढले होते. खात्यातला आवाज असा, की शेजाऱ्याच्या कानात ओरडल्याशिवाय बोलणे पोहोचत नाही. अशा आवाजात कारागीर उभ्याउभ्या डुलकी घेतो. त्याला जाग येते ती मशीन थांबल्यावर. मशीन थांबली म्हणजे तार, म्हणजे विणायचा धागा, तुटला, आणि तार तुटला म्हणजे कारागिराने धावायचे. खाते सुटले, कान निम्मे गेले, तरी सुकलालच्या अंगातून ही सवय गेली नव्हती. घरात पंखा बंद झाला की तो अंथरुणातून उठून उभा राही आणि हात पुढे करून, जे नव्हते ते चाचपत असे.

शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी याची प्रचीती आली. वॉर्डातला जुना एसी दिवसभर ट्रकसारखा घरघरत असे. संध्याकाळी खालच्या देवघरात आरती होई, त्या वेळी एसी बंद करून खिडक्या उघडण्याचा तेथे प्रघात होता. त्या दिवशी एसी थांबला, वॉर्डात एकाएकी शांतता पसरली आणि सुकलालने डोळे उघडले.

"मशीन बंद पडनी," तो म्हणाला. "तार तुटना व्हई."

त्याचा चांगला पाय पलंगावरून खाली उतरलाही होता. नवा रोगी म्हणून त्या संध्याकाळपुरते सुंदराबाईला वर थांबू दिले होते, आणि ती पाण्याची बाटली भरायला गेली होती. ती दारात पोहोचली तेव्हा जागल्याचा दिवा तांबडा झालेला होता, आणि एक बाईमाणसाचा गोड आवाज गुजरातीत म्हणत होता, "काका, उठशो नहीं. सिस्टर आवे छे." तेवढ्यात सिस्टर चंचलबेन आपल्या टेबलाकडून धावत आल्या आणि त्यांनी सुकलालला छातीशी धरून पुन्हा निजवले. सुंदराबाईच्या हातातून बाटली कधी पडली, हे तिला कळले नाही.

दुसऱ्या दिवशी ते यंत्र तपासण्यासाठी कंपनीचा प्रज्ञेश नावाचा तरुण आला. त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते आणि तो उधन्याच्या मराठी वस्तीत वाढला होता, त्यामुळे मराठी बोलत होता. गोपालने विचारल्यावरून त्याने आपुलकीने सगळे समजावले.

"याला हजारो पेशंटच्या उठण्याची चित्रं दाखवून शिकवलंय, दादा. माणूस पडायच्या आधी काय काय करतो ते याला पाठ आहे. या बाजूला डोकं, या बाजूला पाय, असं आम्ही याला आखून देतो. पाय कठड्याच्या पुढे बाहेर आला की हा हाक मारतो आणि सिस्टरच्या टेबलावरही वाजतो."

"आन् याले झोप लागनी तर?" गोपालने विचारले.

"याला झोप नसते."

"जेवण?" मंगलाबाईने मध्येच विचारले.

"तेही नसतं, आजी."

"मंग तो काय माणूससारखा देखी?" मंगलाबाई म्हणाली, आणि प्रज्ञेश हसला.

या जागल्यामुळेच दवाखान्याचा नियम बदलला होता. पूर्वी रोग्याजवळ एक नातेवाईक राहू शकत असे. आता दिवस मावळायच्या सुमाराला सर्वांनी खाली जायचे होते. वर यंत्राचा डोळा आहे, आता माणसाच्या डोळ्याची गरज नाही, असे कार्यालयातून सांगण्यात आले. सुंदराबाईने त्याबद्दल तक्रार केली नाही. खाली अंगणात एसीच्या पाठीखाली एक बाक होता, तेथे ती बसे. डोक्यावरची घरघर थांबली की ती कान देई. काही क्षणांत वरच्या उघड्या खिडकीतून तो गोड आवाज येई, त्यामागून चंचलबेनच्या चपलांचा आवाज येई, आणि मग ती घरी जायला उठे. त्या हाकेनंतरच तिच्या घशाखाली पाणी उतरत असे.

असे सर्व सुरळीत चालले असता, आज दुपारी मंगलाबाई पालेभाजी आणि भाकरी घेऊन आली. पलंगाजवळ उभी राहून ती बराच वेळ खिडकीकडे आणि सुकलालकडे आळीपाळीने पाहत होती.

"सुंदरा, आठे सूर्य कोठे बुडस?"

"त्या खिडकीकडे."

"मंग यास्नं डोकं कोठे उनं?"

सुंदराबाईने खिडकीकडे तोंड केले, उजवा हात लांब केला. तो हात सुकलालच्या उशीकडे गेला. तिने तो हात पटकन खाली घेतला.

"उत्तरले डोकं, दक्षिणले पाय," मंगलाबाई म्हणाली. "मरेल माणूसले आसं निजाडतस. जित्ता माणूसले कोणी निजाडस का?"

सुंदराबाईची नजर शेजारच्या पलंगावर गेली. बारडोलीच्या साखर कारखान्यातला एक वृद्ध कालपर्यंत तेथे होता. त्याचेही डोके याच भिंतीला होते. पहाटे त्याला खाली नेले, आणि सकाळी आयाबाईने तेथली गादी उन्हात टाकली. आता तेथे नुसता पत्रा होता. समोरच्या रांगेतली डोकी दक्षिणेकडे होती. त्या रांगेतला मुलगा परवाच चालत घरी गेला होता.

तिने चंचलबेनना विनवले की पलंग तेवढा फिरवून द्यावा. चंचलबेन कंटाळलेल्या नव्हत्या, घाईत होत्या. त्यांनी फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्ट्यांकडे बोट दाखवले. पलंगाची चाके त्या पट्ट्यांवर बरोबर उभी होती.

"मासी, पलंग नहीं हलाने का. ये पट्टी के बाहर गया तो कॅमेरा को कुछ समझता नहीं. फिर काका गिर गये तो मेरे को पूछेंगे."

तिने गोपालला फोन लावला. तो सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामावर होता आणि मागे मशीनचा कल्लोळ होता.

"माय, दवाखानामा दिशा नही ऱ्हास," तो हसत म्हणाला. "बेड नंबर ऱ्हास. टेन्शन लेऊ नको, मी येस संध्याकाळले."

फोन ठेवल्यावर सुंदराबाई बराच वेळ नवऱ्याचे पाय पाहत बसली. सुजलेले, तेल चोळून चोळून चमकणारे ते पाय दक्षिणेकडे रोखलेले होते, जणू पुढच्या मुक्कामाचा रस्ता ते ओळखून होते. तिने त्यांवर चादर ओढली. तरीही चादरीखाली ते दिसतच राहिले.

म्हणून तिने उशी काढली होती.

"ओढ," मंगलाबाई म्हणाली.

दोघींनी चादर ताणून धरली आणि मुंगीच्या पावलाने सुकलालला फिरवू लागल्या. चादर अर्ध्यावर आली तेव्हा दिवा तांबडा झाला आणि तो गोड आवाज म्हणाला, "काका, उठशो नहीं." दोघी जागच्या जागी थिजल्या. सुकलाल कण्हला. सुंदराबाईने ओठ चावून शेवटचा हिसका दिला. डोके उशीवर आले, पाय भिंतीकडे गेले. तिने सरळ उभे राहून हात जोडले, कोणाला ते तिलाही ठाऊक नसावे.

दिवा क्षणभर तांबडा राहिला. नंतर हिरवा झाला.

चंचलबेन चहाचा कप हातात घेऊनच आत आल्या.

"क्या हुआ? काका उलटे कैसे सोये?"

"तिकडून हवा लागते त्यास्नी," सुंदराबाई जमेल तशा मराठीत म्हणाली. "पलंग नाही हलवला, बेन. पट्टी बघा."

चंचलबेननी चाकांकडे पाहिले, पट्ट्यांकडे पाहिले, मग मान वर करून दिव्याकडे पाहिले. दिवा हिरवा होता. टेबलावर जाऊन त्यांनी पडद्यावर नजर टाकली; तेथेही सुकलालच्या चौकोनाची कड हिरवीच होती. तेवढ्यात खालून नवा रोगी आला आणि त्या स्ट्रेचरकडे धावल्या.

"ठीक छे," त्या जाता जाता म्हणाल्या. "सोने दो."

तेव्हापासून जागल्याने एकदाही हाक मारली नाही.

ही गोष्ट प्रथम मंगलाबाईच्या लक्षात आली. इतर दिवशी दुपारभर ते यंत्र थोड्या थोड्या वेळाने चिवचिवत असे. सुकलालने कूस बदलली तरी त्याला संशय येई. आज मात्र सुकलाल झोपेत हलला, गुडघा वर घेतला, पुटपुटला, आणि दिवा हिरवा तो हिरवाच राहिला.

"देखं का?" मंगलाबाई डबा आवरताना म्हणाली. "दिशा बदलनी आन् यंत्र गप बसनं. त्याले बी कळस, फक्त बोलाले येत नही."

समोरच्या रांगेतील एका बाईनेही म्हटले की आज काकांना आराम दिसतो. चंचलबेनसुद्धा फेरीवर आल्या तेव्हा प्रसन्न होत्या. "आजे काका शांत छे," असे म्हणून त्यांनी सुकलालच्या कपाळाला हात लावला. सुंदराबाईच्या छातीवरचा धोंडा किंचित हलला. कित्येक दिवसांनी तिने वेणी सोडून पुन्हा घातली.

मंगलाबाई घरी गेली. ऊन खिडकीतून आत शिरून सुकलालच्या चेहऱ्यावर आले. ते अडवण्यासाठी सुंदराबाई उठली, आणि तेव्हा तिला त्याचा हात दिसला.

पलंगाचा लोखंडी कठडा अर्धाच होता. भिंतीपासून कमरेपर्यंत तो उभा असे, आणि पुढचा भाग मोकळा, म्हणजे सिस्टरला रोग्याचे पाय खाली घेता यावेत. आता त्या कठड्यामागे सुकलालचे पाय होते. मोकळ्या भागात त्याचे डोके आणि खांदे होते. त्याचा उजवा खांदा गादीच्या काठावर आलेला होता आणि हात कोपरापासून खाली लोंबत होता. बोटे जमिनीच्या दिशेने हलत होती, जणू तेथे तुटलेला तार होता आणि ती त्याचे टोक शोधत होती.

सुंदराबाईने वर पाहिले. काळी काच तिच्याकडे पाहत होती. दिवा हिरवा होता.

तिच्या पाठीतून एक थंडी गेली. तिने तो हात उचलून नवऱ्याच्या छातीवर ठेवला, दोन्ही हातांनी दाबून धरला आणि खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली. नंतर पुन्हा एकवार दिव्याकडे पाहिले. इतका वेळ जो पाहतो आहे, त्याला आपल्यापेक्षा अधिक दिसत असणार, असे तिच्या मनाने तिला समजावले, आणि ती थंडी तिने एसीच्या माथी मारली.

दिवस मावळायच्या सुमारास शिपाई दारात येऊन टाळ्या वाजवू लागला. नातेवाईक उठले. सुंदराबाईने सुकलालच्या तोंडात चमचाभर पाणी घातले. त्याने डोळे किलकिले केले, आणि जेथे भिंत असायची तेथे खिडकी पाहून तो गोंधळला.

"मी कोठे शे?"

"दवाखानामा. झोपा. आते चांगली जागा शे."

"मशीन चालू शे ना?"

तिने एसीची घरघर ऐकली. "चालू शे," ती म्हणाली. त्याने डोळे मिटले.

खाली अंगणात येऊन ती नेहमीच्या बाकावर बसली. डोक्यावर एसीची पाठ थरथरत होती आणि तिच्यातून पाण्याचे थेंब शेवाळलेल्या फरशीवर पडत होते. थोड्याच वेळात गोपाल फाटकातून आला. अंगावर कारखान्याची धूळ होती आणि हातात कुंदनने दिलेला डबा होता. कुंदन ही त्याची बायको.

"कसा शेतस आबा?"

"देखशी तर खूश व्हशी," सुंदराबाई म्हणाली. तिच्या आवाजात आज ऊब होती. "दुपारपासून जागल्यानी एक बार आवाज दिधा नही. एक बार बी."

"वा," गोपाल म्हणाला आणि डब्याचे झाकण उघडू लागला. "कुंदननी खिचडी दिधी. तू खाई ले पहिले."

देवघरात घंटा वाजली. वरच्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबले आणि एसी थांबला.

दिवसभराची घरघर तुटली तशी अंगणात मोठी पोकळी निर्माण झाली. रस्त्यावरच्या रिक्षा एकदम जवळ आल्यासारख्या वाटल्या. वर खिडक्या उघडल्याचा आवाज आला. सुंदराबाईने सवयीने मान वर केली आणि श्वास धरला. गोपालही थांबला, ही वेळ त्यालाही ठाऊक होती.

हाक आली नाही.

आरतीचे एक कडवे झाले. दुसरे सुरू झाले. वरून तो गोड आवाज आला नाही, चपलांचा आवाज आला नाही. सुंदराबाईने धरलेला श्वास सोडला आणि ती हसली. दवाखान्यात आल्यापासून गोपालने तिला हसताना पाहिले नव्हते.

"आयकं का? आज तुना आबा उठना बी नहीत. शांत झोपेल शेतस."

"काबरं पण?" गोपालने विचारले. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "आज काय नवीन करं?"

"काय नही. पलंगले हात लाया नही. फक्त त्यास्ले फिरावं."

"फिरावं, म्हणजे?"

तिने बाकावर तळहात पालथा ठेवला. बोटांनी उत्तर दिशा दाखवली. मग हात न उचलता तो हळूहळू फिरवत नेला, जेथे बोटे होती तेथे मनगट येईपर्यंत. तिच्या चेहऱ्यावर एखादे अवघड काम नीट पार पाडल्याचे समाधान होते.

गोपाल त्या तळहाताकडे पाहत राहिला. प्रज्ञेशचे शब्द त्याला आठवले: या बाजूला डोकं, या बाजूला पाय, असं आम्ही याला आखून देतो. नंतर त्याने डबा बाकावर ठेवला. तो कडेला ठेवला गेला आणि कलंडला, खिचडी फरशीवर सांडली. ते न पाहता तो जिन्याकडे निघाला. पहिली पायरी तो चालत चढला. त्यापुढच्या पायऱ्यांवर त्याच्या पावलांचा आवाज बदलला.

"गोपाल?" सुंदराबाईने विचारले.

आरती संपली. घंटेचा शेवटचा नाद विरला आणि अंगणात इतकी शांतता झाली, की एसीच्या पाठीतून सुटणारा थेंब फरशीवर पडलेला ऐकू आला. सुंदराबाईने तळहात बाकावरून उचलला. दुपारी त्याच हातात तिने नवऱ्याची बोटे दाबून धरली होती. ती अजूनही तळव्यात हलत आहेत, असे तिला वाटले.

तिने वर पाहिले. उघड्या खिडकीतून वॉर्डाच्या छताचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात जागल्याचा दिवा.

तो हिरवा होता.

तिने पदराचे टोक तोंडात धरले आणि दिवा तांबडा होण्याची वाट पाहत ती बाकावरून उठून तेथेच उभी राहिली.

माझ्या अल्प शिक्षणात जेवढे शब्द मला लाभले, तेवढे मी या हकिकतीसाठी वेचले. ज्या वाचकांनी आपला मोलाचा वेळ देऊन ते येथवर वाचले, त्यांचे मी हात जोडून आभार मानतो.

आपला नम्र,
दत्तू विठ्ठल बडगुजर
नवागाम, सुरत